पाटी एक, ओठ भलतंच

ओमानहून परत आल्यापासून डोंबिवलीत भेटेल तो विचारतो, "वाळवंट पाहिलंत का? उंटावर बसलात का?" नाही बसले बाबा! तीन आठवड्यांच्या मुक्कामातला महत्त्वाचा आठवडा मी मासळीच्या एका शीतगृहाशेजारी काढला. अंगात जावयाचा स्वेटर, नाकात सुरमईचा वास आणि पुढ्यात शंभरएक वर्षांपूर्वीची फिल्म. किल्ल्यांचे आणि समुद्रकिनाऱ्यांचे फोटो तुम्हाला कुठेही सापडतील. मी जे पाहिलं ते मी सांगितल्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी माझी ओळख करून देते, कारण तिच्यावाचून पुढचं काही घडलंच नसतं. मी कुंदा. मुंबईतल्या एका फिल्म लॅबोरेटरीत निगेटिव्ह कापायच्या खात्यात एकतीस वर्षं काम केलं. सिनेमाचं संकलन पुरं झालं की त्याबरहुकूम मूळ निगेटिव्ह कापून जोडायची. हातात पांढरे मोजे आणि कात्री. प्रिंट बिघडली तर दुसरी काढता येते, निगेटिव्ह एकच असते. तिथे कात्री चुकली की संपलं. माझी एकदाही चुकली नाही. हे माझं मीच सांगते, कारण पडद्यावर आमची नावं येत नसत आणि दुसरं कोणी सांगणार नाही. पुढे सगळं काम कॉम्प्युटरवर गेलं, लॅब बंद पडली आणि मी घरी बसले.

रुवी

माझी मुलगी मेघना मस्कतमध्ये रुवीला राहते. चौथ्या मजल्यावरचं घर, खिडकीबाहेर उघडे तपकिरी डोंगर. आपल्या सह्याद्रीची कोणी गुळगुळीत दाढी केली तर दिसेल तसे. खाली उतरलं की मात्र आपण परदेशात आहोत हे विसरायला होतं. कोथिंबीर, कढीपत्ता, साबुदाणा, सगळं हाताशी. पहिल्याच दिवशी भाजीवाल्याशी मी माझ्या दिव्य हिंदीत घासाघीस केली, तर तो म्हणाला, "मावशी, मराठीत बोला, मी साताऱ्याचा." माझी नात ईरा शेजारी उभी होती. तिनं कपाळावर हात मारला आणि म्हणाली, "आज्जी, तू सगळीकडे भांडण का करते?" तिचं मराठी असं अडखळत येतं, पण वर्मी बरोबर लागतं.

तिसऱ्या दिवशी मेघनाच्या ऑफिसातली एक मुलगी घरी आली. नाव सफा, वय बावीस-तेवीस, डोक्याला करड्या रंगाचा स्कार्फ. जन्म मस्कतचा, मूळ रत्नागिरीचं. चहाचा कप तिनं दोनदा उचलला, दोनदा खाली ठेवला. मग म्हणाली, "आंटी, मेघनामॅम म्हणाल्या तुम्ही ओरिजिनल फिल्मवर काम केलंय. माझ्या नानांकडे एक डबा आहे."

हकीकत अशी होती. तिचे नाना, म्हणजे आईचे वडील, उस्मानभाई. मूळ जयगडचे. पंचेचाळीस वर्षांपासून बरक्याला मासळीचा धंदा. आता वय झालं, पुढच्या आठवड्यात कायमचे गावी चाललेले. उस्मानभाईंचे आजोबा बोटीवर खलाशी होते. फार पूर्वी, मूकपटांच्या काळात, ते परदेशातल्या कुठल्याशा बंदरात काही महिने अडकून पडले आणि तिथे त्यांनी एका सिनेमात काम केलं. निघताना त्या सिनेमाचा एक तुकडा डब्यात घालून गावी आणला. तो डबा उस्मानभाईंनी ओमानला आणला, कारण गावी कोणीतरी भंगारात देऊन टाकला असता.

"नाना सगळ्यांना सांगतात, माझे दादा इंग्लिश पिक्चरमध्ये होते. कोणी बिलीव्ह नाही करत. रुवीतले सगळे रत्नागिरीवाले त्यांना 'हिरो' म्हणून चिडवतात. काय हिरो, आज कनाद आहे का, असं." दादा म्हणजे त्यांच्यात आजोबा आणि कनाद म्हणजे आपली सुरमई. "येत्या शुक्रवारी त्यांचा निरोपाचा प्रोग्रॅम आहे आणि नानांनी अनाउन्स केलंय की फिल्म दाखवणार. पण ती त्यांनी स्वतःच कधी पाहिली नाहीये. आतमध्ये काही नसलं तर?"

डबा गावी नेऊन सावकाश बघू म्हणावं, तर तेही शक्य नव्हतं. त्या काळची फिल्म नायट्रेटची. पेट घेतला तर पाण्यात बुडवूनही विझत नाही, विमानात तिला कोण घेणार? म्हणजे जे करायचं ते शुक्रवारच्या आत आणि ओमानमध्येच. मेघना माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "उद्या सकाळी निघू. आणि ताई, डबा आहे कुठे हल्ली?"

"कोल्ड स्टोरेजमध्ये," सफा म्हणाली. "फिशबरोबर."

ऐकून मी खुर्चीतून उठलेच! नायट्रेटला थंडीच लागते. ओमानच्या उन्हाळ्यात कपाटात ठेवला असता, तर त्या डब्यात आज चहाच्या पुडीसारखा भुगा उरला असता. काही न शिकता त्या माणसानं जे केलं होतं, तेच करायला जगातली मोठमोठी संग्रहालयं यंत्रं बसवतात.

बरका

रुवीहून बरका मोटारीनं तासाभराच्या आत येतं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खजुराच्या बागा, मधून सरळसोट रस्ता. उस्मानभाई दारातच उभे होते. उंच, सडसडीत, पांढरी दाढी मेंदीनं लाल केलेली. "या बाय, या. आदी च्या घ्या, मंग डबो बगा," म्हणाले. रत्नागिरीकडचे मुसलमान घरात कोकणी बोलतात. मी गिरगावात वाढलेली, शेजारीपाजारी कोकणातले, त्यामुळे त्यांचं बोलणं मला पहिल्या वाक्यापासून समजलं. एवढ्या परक्या मुलखात जाऊन 'बाय' म्हणून कोणी हाक मारली की कसं बरं वाटतं!

घरात त्यांची थोरली बहीण होती, हलीमाबुबू. बुबू म्हणजे त्यांच्यात थोरली बहीण. ऐंशी उलटलेली, रंगानं सावळी, पांढरे केस दाट, बारीक कुरळे. सातव्या वर्षी तापात तिचे कान गेले. बोलते मात्र ठणठणीत, अंमळ मोठ्यानंच, आणि समोरच्याच्या ओठांकडे बघून सगळं समजते. फक्त कोकणीच. सफा इंग्रजी फाडू लागली की बुबू तोंड फिरवून बसते.

डबा उघडायला घेतला तेव्हा आधी पांढरे मोजे चढवले, जुनी सवय. झाकणाच्या कडेला मेण लावून बंद केलेला. आत रीळ म्हणावं असं काही नव्हतंच, दीडएकशे फुटांची गुंडाळी होती. पडद्यावर अडीच-तीन मिनिटं भरेल एवढी. वास आला, पण सुरुवातीचाच. फिल्म आकसलेली, ठिसूळ, आणि आतल्या टोकाची शेवटची काही फुटं चिकटून गड्डा झालेली. यंत्रावर चढवली असती तर तुकडे झाले असते.

"हाय का कायतरी?" उस्मानभाईंनी विचारलं.

"आहे," मी म्हटलं. "पण एकेक चित्र सुटं उचलावं लागेल."

सफाकडे चित्रं गिरवायचा प्रकाशाचा पाट होता, तापत नाही असा. त्यावर फिल्म ठेवायची, मी हातानं एकेक चौकट पुढे सरकवायची, तिनं कॅमेऱ्यानं टिपायची. अडीच हजारांच्या आसपास चौकटी! शेजारच्या खोलीत एसी सर्वांत थंड करून आम्ही दोघी बसलो. पहिल्या दिवशी ती दर दहा मिनिटांनी "आंटी, बोर झालं" म्हणायची. दुसऱ्या दिवशी मीच पाठ मोडली म्हणून उठायला लागले, तर म्हणाली, "थांबा ना, अजून शंभर करू." पोरगी कामाची निघाली.

याच खोलीत माझी फटफजिती झाली. उस्मानभाईंचे अर्बाब, म्हणजे ज्यांच्या नावावर धंदा आहे ते ओमानी मालक, सालेम. दोघांची मैत्री तरुणपणापासूनची. पाहुणीबाई आल्या म्हटल्यावर ते भेटायला आले. पांढराशुभ्र झगा, डोक्याला भरतकामाची टोपी, एका हातात हलव्याचं भांडं. आणि दुसऱ्या हातात ऊद जाळायचं मातीचं धुपाटणं, निखारे फुललेले! ओमानात पाहुण्याचा मान असा करतात, धुपाटणं त्याच्यापुढे धरून कपड्यांना सुगंध देतात. मी मान वर केली तर निखारे माझ्या नायट्रेटपासून दोन हातांवर. मी अशी किंचाळले म्हणता, "बाहेर! बाहेर! आधी बाहेर व्हा!" आणि त्या भल्या माणसाला दोन्ही हातांनी दाराकडे ढकलायला लागले.

सालेम तर गोरेमोरे झाले. त्यांच्याच मुलखात, त्यांच्याच माणसांदेखत, एका परक्या बाईनं त्यांना हाकललं! सफानं घाईघाईनं अरबीत समजावलं. मी मेल्याहून मेल्यासारखी उभी. सालेमनी फिल्मकडे पाहिलं, हातातल्या निखाऱ्यांकडे पाहिलं आणि "खलास, खलास", म्हणजे "झालं, झालं", म्हणत स्वतःच धावत अंगणात जाऊन त्यावर पाणी ओतलं. परत आले ते हसत. मग आम्ही अंगणात बसून हलवा खाल्ला. केशर, वेलची, तूप, चमच्याला चिकटणारा तो तपकिरी हलवा, वर कडू कहवा. आपल्याकडे गोडावर पाणी पितात, तिथे गोडाचा गोडपणा कहव्यानं कापतात. मला ती रीत फार आवडली.

बुधवारी दुपारी सफानं सगळ्या चौकटी लॅपटॉपवर जोडल्या आणि सालेमसकट आम्ही पाचजण समोर बसलो. उस्मानभाई अंघोळ करून, नवा सदरा घालून आले होते. पडद्यावर पहिलं चित्र हललं आणि त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

एक बाग. झाडं कागदाची, हे मला लगेच दिसलं. हिंदुस्थानातला कुणी राजकुमार, म्हणजे तोंडाला काळपट रंग फासलेला गोरा नट, गळ्यात मोत्यांच्या माळा. समोर पांढऱ्या पोशाखात एक गोरी मुलगी, कर्नलसाहेबांची कन्या. राजकुमार तिच्यावर भाळलेला. आणि त्याच्या पायाशी, उघड्या अंगानं, डोक्यावर टोपलीएवढं पागोटं घातलेला एक खरा सावळा माणूस गुडघ्यांवर रांगत येतो आणि हात जोडतो.

"दादा," उस्मानभाई म्हणाले. "ते माजे दादा."

मग इंग्रजी अक्षरांची पाटी आली. मूकपटात संवाद असे पाटीवर लिहून दाखवायचे. सफानं ती वाचली आणि लॅपटॉपकडून तोंड फिरवलं. उस्मानभाईंनी विचारलं तसं मीच मराठीत सांगितलं, "महाराज, मी आपल्या पायांची धूळ आहे."

पुढे राजकुमार मुलीचा हात धरतो. नोकर पुन्हा पुढे. पाटी म्हणते, "महाराज, गोऱ्या कन्येला शिवलात तर मृत्यू अटळ!" राजकुमार नोकराला लाथ मारतो. नोकर कोलमडतो. झाडीतून गोळी सुटते, राजकुमार खाली पडतो, मुलगी तोंड झाकते. त्यापुढचं सगळं चिकटलेल्या गड्ड्यात.

सफाचा चेहरा लालबुंद झाला होता. "हे टोटल रेसिस्ट आहे," ती म्हणाली. "नाना, प्लीज, हे लोकांना नका दाखवू. ते लोक हसतील तुमच्यावर."

अशा कितीतरी जुन्या परदेशी फिल्मा मी कामाच्या निमित्तानं पाहिल्या आहेत. एखाददुसरा अपवाद सोडला तर मामला ठरलेलाच. पूर्वेकडचा माणूस गोऱ्या मुलीवर जीव लावणार आणि शेवटी त्याचा जीवच जाणार. लग्न होऊ द्यायचं नाही, मुका घेऊ द्यायचा नाही. त्याआधी सुरा तरी निघतो, नाहीतर बंदूक तरी. बरं, तो प्रेम करणाराही बहुधा खरा नव्हे, रंगवलेला. खऱ्यानं मागे उभं राहून पंखा हलवायचा, नाहीतर लाथ खायची. मला तेव्हाही चीड यायची. त्या दिवशी त्या लाथ खाणाऱ्याचा नातू माझं मनगट धरून बसला होता, तेव्हा तर संताप संताप झाला.

उस्मानभाईंनी माझं मनगट सोडलं. "मी लोकांना फोन करून सांगतंय," ते हळू आवाजात म्हणाले, "डब्यात कायच नव्हता."

पंचेचाळीस वर्षं थापाड्या म्हणवून घेतलेला माणूस, पुरावा हाती आल्यावर म्हणतो की मला थापाड्याच राहू द्या! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि नेमकी तेव्हाच मागून हलीमाबुबू हसायला लागली. साधंसुधं नाही, पदर तोंडाला लावून, खांदे गदगदा हलवत. उस्मानभाई चिडून वळले. "बुबू, हसतेस काय?"

"तुमी पाटी काय वाचताव?" बुबू म्हणाली. "दादा काय बोलतो ता बगा ना! परत लाव गो सफा."

सफानं फिल्म परत लावली. रांगत आलेला नोकर हात जोडून वर बघतो, ओठ हलतात. पाटी म्हणते, मी आपल्या पायांची धूळ. आणि बुबू खणखणीत आवाजात म्हणाली, "पूस मेल्या तोंड, रंग गळतो तुजा!"

आम्ही सगळे तिच्याकडे वळलो. मग उस्मानभाईंचा जो हशा फुटला! सालेमना तर काहीच कळलं नव्हतं, तेही हसायला लागले. पुढचा प्रसंग आला, राजकुमारानं हात धरला, नोकर पुढे झाला. "सोड तिचो हात," बुबू वाचत होती, "पोरीला काला लागला!"

आता माझा स्वभाव शंकेखोर. ओठांवरून प आणि ब सारखेच दिसतात, आणि म्हाताऱ्या बहिणीला भावाचं दुःख बघवलं नसेल, म्हणून तिनं मनचं जोडलं असेल, असं माझ्या मनात आलंच. मी सफाला म्हटलं, "ती हात धरल्याची चौकट थांबव. मोठी कर. मुलीची बाही दाखव." चौकट मोठी झाली. पांढऱ्या बाहीवर, मनगटापाशी, बोटांचे चार काळे डाग. दिव्यांच्या उष्णतेनं त्या नटाचा रंग उतरला होता आणि मुलीच्या कपड्याला लागला होता. इतकी वर्षं चौकटी बघण्यात घालवलेल्या माझ्या नजरेतून ते निसटलं होतं. जयगडच्या खलाशाच्या नजरेतून तेव्हाही सुटलं नव्हतं, आणि बुबूनं ते त्याच्या ओठांवरून वाचलं. मी कान पकडले.

"म्हणजे तो गोरा हिरो ॲक्टिंग करत होता आणि हे समोर त्याला शिव्या देत होते?" सफाला हसू आवरेना. "आणि कुणाला कळलंच नाही?"

"कोन कळनार? तकडे कोकनी येनारो कोन होतो?" बुबू म्हणाली.

मग चहा झाला, तांदळाची भाकरी आणि सुरमईचं तिखलं झालं, आणि बुबूनं आणखी एक गोष्ट सांगितली. हे दादा पुढे झांझिबारला गेले. तिथल्या एका आफ्रिकन मुलीशी त्यांनी निकाह केला आणि तिला घेऊन जयगडला उतरले. गावानं वर्षभर नाकं मुरडली. मग तिच्या हातचं नारळाच्या दुधातलं कालवण खायला तोच गाव दारात यायला लागला. बुबूनं आपल्या कुरळ्या केसांतून हात फिरवला. "हे केस दादीचे. सिनेमात हात धरला तर मानूस मारलान. आमच्या दादाला कोनी मारला नाय. सात पोरां झायली."

जेवण झाल्यावर उस्मानभाई माझ्याजवळ आले. "बाय, तो चिकटलेला भाग सुटल का? त्यातपन दादा असल तर?"

मी म्हटलं, "सुटेल असं वचन देत नाही. पण मी सोडवायला बसते."

गुरुवारचा अख्खा दिवस मी त्या गड्ड्यापुढे बसले. थंड हवेत हळूहळू सैल होऊ द्यायचं, पातळ प्लास्टिकची पट्टी केसभर सरकवायची, थांबायचं, पुन्हा सरकवायची. जोर केला की चित्र फिल्मवरून निघून शेजारच्या वेटोळ्याला चिकटतं. एकदा तसं झालं, पाच-सहा चौकटी गेल्या आणि मी स्वतःलाच शिव्या घातल्या. सफा पाणी आणून द्यायची, पाठ चेपून द्यायची आणि एकही शब्द बोलायची नाही. मध्येच कधीतरी तिनं मला आंटीऐवजी मावशी म्हटलं. संध्याकाळपर्यंत निम्मा गड्डा सुटला. उरलेला शुक्रवारी सकाळी नमाजाच्या आधी सुटला. उस्मानभाई आणि बुबू तोवर रुवीला पुढे गेले होते. सफानं चौकटी टिपल्या आणि आम्हाला न्यायला आलेली मेघना गाडी चालवत असताना मागच्या सीटवर बसून जोडल्या. नवा तुकडा जेमतेम दहा सेकंदांचा होता. त्यात दादा होते. ओठ हलत होते. काय म्हणत होते ते मला कळेना, सफाला कळेना. वाचणारी रुवीला पोचलेली.

परत रुवी

हॉल माणसांनी भरला होता. दुकानदार, ड्रायव्हर, दोघं-तिघं थेट दुक्महून रात्रभर बसनं आलेले. जेवणात बिर्याणी होती, तरी कोपऱ्यात सांदणांचं पातेलं आधी संपलं. सालेम पहिल्या रांगेत. त्यांनी मला पाहिलं आणि दोन्ही रिकामे हात वर करून दाखवले, निखारे आणले नाहीत म्हणून! फिल्म आता त्यांच्याकडेच, त्याच शीतगृहात राहणार आहे. तसा शब्द त्यांनी उस्मानभाईंना सगळ्यांदेखत दिला.

उस्मानभाई उभे राहिले तसा मागून आवाज आला, "काय हिरो, पिक्चर सुरू कर!" सगळे हसले. उस्मानभाईंनी मान खाली घातली नाही. "दावतंय," म्हणाले. "पन पाट्या वाचू नका. माजी बुबू वाचंल ता ऐका."

हलीमाबुबू पडद्याशेजारी खुर्ची घेऊन बसली. दिवे मालवले. दादा रांगत आले, पाटी आली आणि कुणीतरी "अरेरे" म्हटलं. तेवढ्यात बुबू गरजली, "पूस मेल्या तोंड, रंग गळतो तुजा!" आणि हॉलचं छप्पर उडतं की काय असं झालं. सफानं बाहीवरचे डाग थांबवून दाखवले. माणसं उभी राहून टाळ्या पिटत होती, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. मगाशी 'हिरो' म्हणून ओरडलेला माणूस खिशातून रुमाल काढून डोळे पुसत हसत होता. लाथ बसली तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. मी मागे भिंतीला टेकून उभी होते आणि अभिमानानं टाळ्या पिटत होते. एक गरीब खलाशी, अंगावर धड कपडा नाही, तोंडी भलतेच शब्द घातलेले, आणि तरी सगळ्या थाटामाटाला त्यानं आपल्या बोलीत एका वाक्यात उघडं पाडलं होतं!

मग नवा तुकडा आला. कडेनं डाग, मध्ये चित्र ठीक. राजकुमार मरून पडलाय. गोऱ्या मुलीला एक गोरा अधिकारी खांद्याला धरून घेऊन जातो. नोकर मागे एकटा उरतो. त्यानं बहुधा प्रेताशेजारी बसून ऊर बडवायचा असावा. तो बडवत नाही. पागोटं सारखं करतो, सरळ उभा राहतो, कॅमेऱ्याकडे, म्हणजे आमच्याकडे, रोखून बघतो आणि बोलतो. त्याच्यासाठी पाटीच नाही.

बुबू वाचेना. मी घाबरले. वाटलं, डागांमुळे दिसलं नसेल. सफानं तुकडा परत लावला. बुबू खुर्चीवरून उठली, पडद्याच्या अगदी जवळ गेली. तिसऱ्यांदा लावला, तेव्हा ती बोलली. आता तिचा आवाज मोठा नव्हता.

"जयगडचो इब्राहीम मी," ती म्हणाली. "कोन गाववालो बगत असंल तर घरी सांगा, मी बरा हाय."

दुक्महून आलेल्या एकानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. पडद्यावर दादा अजून आमच्याकडे बघत होते. सफानं चित्र थांबवून धरलं होतं. उस्मानभाई उठले. पडद्यापुढे जाऊन उभे राहिले, आणि घरच्या वडीलधाऱ्याला उत्तर द्यावं तसे मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले,

"सांगतंय, दादा. मंगळवारी घरी जातंय."